अब्बूंची सुटी गुरुवारी, मुलांची रविवारी

काळेवाडीतल्या बहुतेक घरांत आठवड्याचा हिशेब जुळत नाही. भोसरी आणि चाकणच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुटी असते गुरुवारी. मुलांची शाळा बंद असते रविवारी. शुक्रवारी जुम्यापुरता वेळ काढतानाच सुपरवायझरची मनधरणी करावी लागते. त्यात शिफ्ट फिरती. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात नाईट. नाईट करून सकाळी घरी आलेला माणूस झोपतो तेव्हा मुले शाळेत असतात, आणि मुले घरी येतात तेव्हा त्याच्या उठण्याची आणि निघण्याची गडबड. एकाच घरात राहून बाप-लेकरांची नीट भेट होत नाही, अशी घरे आपल्या आजूबाजूला किती आहेत ते मोजून पाहा.

मग सहल कधी? तर ईदला, नाहीतर गावी गेल्यावर. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, बुलढाणा, जिथून आलो तिथे मे महिन्यात आठ-पंधरा दिवस जायचे, हीच आपली सहल. त्यात वाईट काहीच नाही. नाना-नानी, दादा-दादी, शेत, विहीर, हे सगळे मुलांना मिळालेच पाहिजे. पण एक गोष्ट लक्षात येते. काळेवाडीत जन्मलेल्या मुलाला गावच्या ओढ्याचे नाव माहीत असते आणि रोज शाळेला जाताना जी नदी लागते ती पवना, हे मात्र माहीत नसते. ज्या शहरात तो शिकणार, नोकरी शोधणार, घर करणार, ते शहर त्याच्या दृष्टीने कंपनीच्या बसचा थांबा आणि क्लासचा जिना एवढेच राहते. एका-दोन गुंठ्यांवर उभ्या असलेल्या आपल्या घरांना अंगण नाही, गल्लीत गाड्या लागलेल्या. मोकळे आकाश पाहायचे तर बाहेर पडावेच लागते.

“फिरण्यात काय ठेवलंय, तेवढ्या पैशात महिन्याचे दूध येईल,” असे म्हणणारे आपल्यात आहेत. फिरणे म्हणजे उधळपट्टी, असा एक समज आहे. नबी (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात नोंदलेले आहे. घरच्या माणसांसोबत हसण्या-खेळण्यात घालवलेला वेळ वाया गेला असे मानायचे कारण नाही. पैशाचे म्हणाल तर पुढे त्याचा हिशेब मांडलाच आहे.

फजर ते जोहर

पूर्ण दिवस मिळेल तेव्हा जाऊ, असे ठरवले की वर्ष निघून जाते. त्यापेक्षा अर्ध्या दिवसाची सवय लावावी. फजरची नमाज झाली की निघायचे आणि जोहरच्या आत घरी. उन्हाळ्यात तर दुसरा मार्गच नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकरानंतर लहान मुलांना उघड्यावर फिरवणे म्हणजे संध्याकाळी ताप ओढवून घेणे.

निगडीची दुर्गा टेकडी अशा सकाळसाठी चांगली. चढ फार नाही, झाडी दाट, आणि पाच-सहा वर्षांचे मूल स्वतःच्या पायाने वर जाते, याचा त्याला केवढा अभिमान वाटतो. जवळच भक्ती-शक्ती उद्यान आहे. तिथला १०७ मीटर उंच ध्वजस्तंभ २०१८ च्या प्रजासत्ताक दिनापासून उभा आहे. मुलांना सांगा, आपल्या तीन मजली घराच्या दहापट उंच. मग बघा माना कशा वर होतात. अप्पूघरही त्याच बाजूला, पण तिथे पाळण्यांचा खर्च वाढत जातो. जायचे तर आधीच मुलांशी ठरवून जावे: प्रत्येकाला अमुक इतके पाळणे, त्यापुढे एकही नाही.

त्याहूनही जवळ थेरगावचा बोट क्लब आहे, पवनेच्या काठावर. बहिणाबाई चौधरी प्राणीसंग्रहालयाचे नाव अजून लोक घेतात, पण ते नूतनीकरणासाठी वर्षानुवर्षे बंद राहिले. तेव्हा चौकशी केल्याशिवाय मुलांना शब्द देऊ नये. बंद दारासमोर रडणारे मूल घेऊन परत येणे फार अवघड जाते.

आणि मग आहे चिंचवडचे सायन्स पार्क. काळेवाडीकरांच्या इतके जवळ असून इतके दुर्लक्षित ठिकाण दुसरे नसेल. एम्पायर इस्टेटचा उड्डाणपूल चढायचा. नदी, रेल्वे आणि मुंबई-पुणे रस्ता ओलांडून उतरले की ऑटो क्लस्टर, तिथेच हे पार्क. २०१३ मध्ये ते सुरू झाले. बाहेर बागेत हाताळायची, ओढायची, फिरवायची उपकरणे आहेत, आत दालने आहेत, शेजारी तारांगण झाले आहे. पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वाहनांविषयीचे दालन.

कारण असे की, या पट्ट्यातल्या हजारो मुलांना आपला बाप नेमके काय करतो ते माहीत नसते. “कंपनीत जातो” एवढेच उत्तर. तो सीएनसी मशिनवर उभा राहून दिवसाला कितीतरी भाग काढतो, ते भाग कोणत्या गाडीत कुठे बसतात, त्यात केसाएवढी चूक झाली तर काय होते, हे सांगायला घरी ना वेळ असतो ना निमित्त. या दालनात इंजिन उघडे करून दाखवले आहे. तिथे उभे राहून एखादा बाप जेव्हा म्हणतो, “हे बघ, हा भाग मी बनवतो,” तेव्हा मुलाच्या नजरेत जो फरक पडतो तो कुठल्याही मॉलमध्ये पडणार नाही. कमी शिकलेल्या बापाने मुलासमोर शिक्षक व्हावे, अशा जागा फार कमी असतात. अम्मीने त्या वेळी मुद्दाम थोडे मागे राहावे.

मेट्रो: तीन नद्यांचा प्रवास

पिंपरीपासून फुगेवाडीपर्यंत मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी धावू लागली. १ ऑगस्ट २०२३ ला ती सिव्हिल कोर्टपर्यंत गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत. निगडीकडच्या वाढीव मार्गाचे कामही हाती घेतले आहे. तरीही आपल्याकडच्या कितीतरी बायका अजून मेट्रोत बसलेल्या नाहीत. तिकीट कसे काढायचे, दार आपोआप बंद झाले तर, मूल बाहेर राहिले तर, अशा भीती असतात. एकदा बसले की त्या जातात. काळेवाडीतून शेअर रिक्षाने पिंपरी, आणि मग एकाच गाडीने थेट मंडई. पूर्वी याच प्रवासाला बसने दीड तास लागायचा आणि मुले वाटेत ओकायची.

हा प्रवासच मुलांसाठी खेळ करता येतो. खेळ असा की आज तीन नद्या ओलांडायच्या आहेत, कोण आधी ओळखतो? पहिली पवना, काळेवाडीच्या पुलावरच लागते. आपल्या नळाला येणारे पाणी हिच्यावरच्या धरणातून रावेतला येते आणि तिथून उचलले जाते, हेही सांगावे. पिंपरी सोडताच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर. १९५४ मध्ये स्थापन झालेला सरकारी क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. पेनिसिलिन इथे बनू लागले आणि त्याच्या मागोमाग या माळरानावर कारखाने आले, माणसे आली, आपले वडील-चुलते आले. पुढे दापोडी-बोपोडीच्या मध्ये हॅरिस पुलाशेजारी दुसरी नदी, मुळा. ती ओलांडली की पुणे महानगरपालिकेची हद्द सुरू. तिसरी मुठा. पण ती दिसत नाही! सिव्हिल कोर्टनंतर गाडी मुठेच्या खालून बोगद्यातून जाते. “आत्ता आपल्या डोक्यावर नदी वाहतेय,” असे म्हटले की डब्यातली बाकीची मुलेही वर बघतात.

सिव्हिल कोर्ट स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक. जमिनीखालची गाडी आणि वरची वनाज-रामवाडी गाडी इथे बदलता येते. सरकत्या जिन्यावर अबाया, दुपट्टा आणि साडीचा काठ आवरून धरावा आणि लहान मुलांच्या चपलांकडे लक्ष ठेवावे. भीती दाखवण्यासाठी सांगत नाही, सवय नसलेल्यांसाठी सांगतो.

मंडईला उतरल्यावर कुठे जायचे? गंज पेठेतला महात्मा फुले वाडा रिक्षाने थोड्या अंतरावर आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली, घरातून बाहेर पडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सोबत राहिल्या, हे आपल्याकडे सांगितले जाते. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या मुलीला ती जागा दाखवून हे सांगावे. पाठ्यपुस्तकातला धडा आणि पायाखालची फरशी यांत फरक असतो.

मंडईहून दुसऱ्या बाजूला राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांवर वस्तू. तलवारी-ढालींपेक्षा तिथल्या रोजच्या वापरातल्या वस्तू पाहाव्यात. अडकित्ते किती प्रकारचे, दिवे किती, किसण्या किती! दादी किंवा नानी सोबत असेल तर तीच मार्गदर्शक होते. “हे आमच्याकडे होतं” असे ती दहा वेळा म्हणेल. तिथेच मस्तानी महाल आहे. कोथरूडला असलेल्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून तो पुन्हा उभारला आहे. या एकाच ठिकाणी दोन तास सहज जातात, मात्र पाच वर्षांखालची मुले अर्ध्या तासात कंटाळतात. त्यांच्यासाठी सारसबागेशेजारचे पेशवे पार्क. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून मुलांना फिरवत आली आहे.

कात्रजचे राजीव गांधी प्राणीसंग्रहालय ही मुलांची कायमची मागणी. स्वारगेटहून बस मिळते. आत चालणे खूप आहे, म्हणून वयस्कर माणसांसाठी बॅटरीवरच्या गाडीची चौकशी दारातच करावी. बुधवारी ते बंद असते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आपला गुरुवार इथे कामी येतो! दिवाळीच्या किंवा मेच्या सुटीत मुलांना सगळेच वार मोकळे असतात. तेव्हा रविवारी गर्दीत धक्के खाण्यापेक्षा गुरुवारी सकाळी जावे. वाघ त्या दिवशीही तेवढाच असतो, माणसे कमी असतात.

वरच्या मेट्रोने कल्याणीनगरला उतरले तर आगाखान पॅलेस. १८९२ मध्ये तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी तो बांधला. दुष्काळात लोकांना काम मिळावे हा हेतू होता. १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इंग्रजांनी इथेच कैदेत ठेवले. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला इथेच गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. एका मुस्लिम घराण्याने बांधलेला आणि १९६९ मध्ये देशाला देऊन टाकलेला हा महाल पाहायला आपल्याच वस्त्यांतले लोक क्वचित जातात. हिरवळ मोठी आहे, मुले दमेपर्यंत पळतात.

नमाजची सोय आधी बघा

डिसेंबरमध्ये मगरिब सहाच्या सुमारास होते, मे-जूनमध्ये सातनंतर. हिवाळ्यात दुपारी दोनला निघालो तर दोन तासांत असर आणि मग लगेच मगरिब. म्हणजे फिरणे कमी आणि धावपळ जास्त. म्हणून हिवाळ्यातही सकाळीच निघावे. काळेवाडीहून पुणे किंवा लोणावळ्यापर्यंत गेलो तरी हनफी मताप्रमाणे कसरचे अंतर होत नाही, नमाज पूर्णच पढावी लागते. मुंबईला जात असाल तर गोष्ट वेगळी. शंका असेल तर मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

पुरुषांना पेठांत, कॅम्पमध्ये, खडकीत मशिदी सापडतात. बायकांचे काय? २०१९ मध्ये पुण्यातल्या एका दांपत्याने महिलांच्या मशीद-प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की, महिलांना मशिदीत येऊन नमाज पढण्यास मनाई नाही. कागदावर हे ठीक. पण प्रत्यक्षात वजूची वेगळी जागा, वेगळा जिना, एखादी खोली किती मशिदींत आहे? जिथे आहे तिथली माहिती बायकांनी एकमेकींना सांगितली पाहिजे. आणि जिथे नाही तिथल्या विश्वस्तांनी विचार करावा, की प्रवासातली आई तीन मुलांना घेऊन जोहरच्या वेळी कुठे उभी राहील?

हा प्रश्न किती नाजूक होऊ शकतो ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसले. शनिवारवाड्यात काही महिला नमाज पढत असल्याची चित्रफीत पसरली. आंदोलन झाले, शुद्धीकरण झाले, अनोळखी महिलांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या, पूजा-प्रार्थना चालू नसलेल्या वास्तूत नव्याने प्रार्थना करायला नियमांत परवानगी नाही. हा नियम सर्वांना सारखा आहे, आणि आपण तो पाळावा. वेळ झाली तर बाहेर पडून जवळची मशीद गाठावी किंवा एखाद्या ओळखीच्या घरी जावे. पण त्या घटनेनंतर “आता तिकडे जायलाच नको” असे जे आपल्या घरांत बोलले गेले, ते आम्हाला पटत नाही.

शनिवारवाडा आपल्या मुलांनीही पाहिलाच पाहिजे. १७३२ मध्ये पहिल्या बाजीरावाने तो राहता केला. त्याच्या एका दरवाजाला मस्तानीचे नाव आहे. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि तिथे झालेल्या जखमांनी मेला. त्याच लढाईत मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीच्या हाती होता आणि त्यानेही जीव दिला. इतिहासाचा हा भाग मुलांना तटावर उभे राहून सांगा. मुलांनी बातमीविषयी विचारले तर टाळू नये, वयाला झेपेल तेवढे खरे सांगावे: नियम काय आहे, लोक का चिडले, आणि आपण कसे वागायचे.

अम्मीची सुटी कधी?

सहलीचा दिवस म्हणजे घरातल्या बाईसाठी पहाटे साडेतीनला उठणे. तहारी, अंडी, चटणी, मुलांचे वेगळे, सासऱ्यांचे बिनतिखटाचे. दोन पिशव्या भरायच्या, मग स्वतः तयार व्हायचे, तोपर्यंत बाकीचे दारात उभे राहून “झालं का” विचारणार. बागेत पोचल्यावर चटई अंथरायची, वाढायचे, आवरायचे. घरी आल्यावर डबे घासायचे. बाकीच्यांची सहल झाली; तिने फक्त स्वयंपाकघर बदलले.

डब्याला विरोध नाही. बाहेरच्या खाण्यात हलालची खात्री नसते आणि चार माणसांचे बिल दिवसाचा पगार खाते. पण डबा साधा असू शकतो. रात्रीच्या धपाट्या किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, केळी. हे आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून बांधावे. मुलगेही त्यात आले. बिर्याणी पाहिजेच असेल तर ती संध्याकाळी येताना पिंपरीत घ्यावी. पाहुण्यांसारखे बसून खायचा हक्क अम्मीलाही आहे. आणि जागा निवडताना स्वच्छतागृह हा पहिला प्रश्न विचारा. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, ते उगाच नाही. मेट्रो स्थानकांवर ही सोय आहे, संग्रहालयांतही असते. टेकड्या आणि धबधब्यांवर नसते.

पावसाळ्यातला मोह

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहायचा होता ती. जून सरत आला की गल्लीतली पोरे आणि मोठेही एकच नाव घेतात, लोणावळा. लोकलने जाता येते, चिंचवड किंवा पिंपरीहून बसले की संपले. तिकीट अगदी कमी.

३० जून २०२४, रविवार. हडपसर भागातले एक मुस्लिम कुटुंब, नातेवाईकांसह, लोणावळ्याला गेले होते. भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात त्यातले काही जण उभे होते. वरच्या डोंगरात पाऊस वाढला, पाणी एकाएकी चढले. एकमेकांना घट्ट धरून ते मधल्या खडकावर उभे राहिले, काठावरचे लोक ओरडत राहिले, आणि पाण्याने सगळ्यांना ओढून नेले. एक बाई आणि चार मुले गेली. ती चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर आली. त्यानंतर प्रशासनाने बंदीचे आदेश काढले, तरी पुढच्या पावसाळ्यात गर्दी होतीच.

वर्षभरानंतर, १५ जून २०२५, पुन्हा रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण मरण पावले, कित्येक जखमी झाले. कुंडमळा आपल्याकडून तासाभराच्या अंतरावरही नाही.

यात नशिबाचा भाग असेल, पण पाण्याचे काही साधे नियम आहेत आणि ते नशिबाआधी येतात. धबधब्याखाली तुमच्या डोक्यावर ऊन असू शकते आणि त्याच वेळी वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो. पाणी तिथून येते. घोट्याएवढे पाणी काही मिनिटांत कमरेएवढे होते. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की त्याच क्षणी बाहेर. फोटो राहिला तर राहू द्या. मधल्या खडकावर कधीच जाऊ नये, कारण पाणी वाढले की तोच खडक पिंजरा होतो. शेवाळावर मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही, मुलाला कडेवर घेऊन तर नाहीच. आणि बहिणींसाठी खास: भिजलेला अबाया, बुरखा, साडी अंगाला लपेटते आणि दुप्पट जड होते. गुडघाभर वाहत्या पाण्यातही ती पाय उचलू देत नाही. पोहता येणे किंवा न येणे हा तिथे प्रश्नच उरत नाही. कुणी वाहून जात असेल तर मागोमाग उडी मारू नये. ओढणी, दोर, काठी पुढे करावी आणि ११२ ला फोन करावा.

हे काळेवाडीतही लागू आहे. केजूबाईचा बंधारा आपल्या शेजारीच आहे. पोहायला उतरलेली मुले तिथेही बुडाली आहेत. पवनेला धरणातून पाणी सोडले की ती काही तासांत रंग बदलते.

पावसात फिरायचेच नाही का? फिरा की. लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे लेणी पाहा. इसवी सनापूर्वीच्या शतकांत खोदलेली बावीस लेणी, पायऱ्या नीट, हिरवा डोंगर समोर. लांबून धबधबे दिसतात आणि लांबूनच चांगले दिसतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिकीट नसते. लोकलचे एक मात्र आहे, दुपारी बराच वेळ गाडी नसते. येतानाची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर फलाटावर दोन-अडीच तास मुलांची भांडणे सोडवावी लागतील.

खर्चाचे थोडेसे

मेट्रोने शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सूट ठेवली, विद्यार्थ्यांनाही तशीच सवलत दिली. पीएमपीच्या तेजस्विनी बसमध्ये दर महिन्याच्या ८ तारखेला महिलांना तिकीट नाही. एसटीत मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण मोफत. म्हणजे वल्लभनगरहून जुन्नरला निघालेल्या घरात अब्बू सोडले तर पूर्ण तिकीट कुणालाच नाही. जुन्नरला शिवनेरी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माच्या या किल्ल्यावर एक कमानी मशीदही आहे, आणि गावाबाहेर सौदागर गुंबज. बसमध्ये चढताना आधारकार्ड हाताशी ठेवा, वाहक वय विचारतोच.

महिन्याला ठरावीक रक्कम एका डब्यात टाकली तर तीन महिन्यांत एक मोठी सहल होते. मुलांना मिळणारी ईदी त्यात मागू नये, ती त्यांची. सध्या ईदुल-फित्र वार्षिक परीक्षांच्या तोंडावर येत आहे, त्यामुळे ईदच्या दुसऱ्या दिवशी फिरायला जाणे बऱ्याच घरांत जमत नाही. ती सहल परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या गुरुवारी करायची, असे आताच सांगून टाकले तर मुले अभ्यासही जरा बऱ्या मनाने करतात.

गर्दीच्या ठिकाणी मुलाच्या हातावर पेनाने फोन नंबर लिहावा आणि हरवल्यास कुठे थांबायचे ते दारातच ठरवावे. बाकी सामान जितके कमी तितके बरे.

आणि ठिकाण निवडायचा हक्क आळीपाळीने द्या. या वेळी थोरली, पुढच्या वेळी धाकटा, त्यापुढे दादी. आमच्या ओळखीच्या एका घरात हे सुरू झाले, तर सात वर्षांच्या पोराने आपल्या पाळीला ना प्राणीसंग्रहालय मागितले ना अप्पूघर. त्याला सिव्हिल कोर्टच्या सरकत्या जिन्यावरून खाली जायचे होते, पुन्हा वर यायचे होते आणि पुन्हा खाली जायचे होते. नाईट करून आलेले अब्बू डोळे चोळत त्याच्यासोबत तीन वेळा वर-खाली झाले.